मागे सीट नसलेली गाडी

नाही हो, मुलासाठी नाही. मुलगा नाहीच मला, एक मुलगी आहे, ती लांब असते आणि तिला सायकलसुद्धा धड येत नाही. भाच्यासाठीही नाही — भाच्याचं तर नाव काढू नका, त्याचं मग सांगते. मोटरसायकल माझ्यासाठी हवीय. मीच बसणार, मीच चालवणार. तुम्ही मघापासून माझ्या खांद्यावरून दाराकडे बघताय ना, मागून कोणी येतंय का म्हणून — येणारेत, आमचे हे येणारेत, समोर चहा पीत बसलेत, पण ते चालवणार नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी एका डोळ्याने धूसरच दिसतं, डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलंय. तेव्हा जे काय दाखवायचं ते मला दाखवा, समजावायचं ते मला समजावा. काकू म्हणा, चालेल. नुसतं 'घरच्यांना विचारून घ्या' तेवढं म्हणू नका.

ही निळी? बघितली की. धुऊनपुसून पुढे काढून ठेवलीय ते दारातूनच दिसलं. काल ह्यांचा फोन आला असणार — आला ना? वाटलंच मला. काय म्हणाले, दणकट द्या, उंच द्या, लांब सीटची द्या? म्हणजे बघा, मी म्हटलं मला गाडी शिकायचीय, मातीत चालवायची ती, उड्या मारणारी. तर आधी आठवडाभर घरात कोणी बोलेना, आणि मग एकदम ह्यांनी जाहीर केलं, ठीक आहे, घेऊ, मी मागे बसेन आणि गिअर कधी टाकायचा ते सांगत जाईन. वर मला म्हणतात, बघ, मी अडवलं का तुला? आता यावर माणसाने काय बोलावं? बरं, बसून बघते, तुम्ही एवढी पुसलीय तर. धरा जरा. अं — नाही. पाय बघा माझे, बोटं टेकतायत नुसती, तीही एका बाजूची. थांबा, पर्समध्ये टेप आहे. हसू नका, शिवणकाम करते मी, शाळांचे गणवेश, दुकानांच्या कामगारांचे कपडे. माणूस दारातून आत आला की मला आधी त्याचं माप दिसतं आणि मग चेहरा. हे बघा, हे माझ्या पायाचं आतलं माप, आणि ही तुमची सीट. वीतभर वर आहे. सवय होईल म्हणता? सवय झाली की पाय लांब होतात का? या वयात?

आमच्या घरी लहानपणापासून हेच. सगळं मोठ्या मापाचं घ्यायचं, म्हणजे पुढे होईल. बूट घ्यायचे ते पुढे कापूस कोंबून घालायचे, आणि पाय वाढून बुटात नीट बसेपर्यंत बूट फाटलेले असायचे. सायकल शिकले ती वडिलांच्या उंच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, एका अंगाने लोंबकळत. लग्नात अंगठी केली तीसुद्धा सैल, दोरा गुंडाळून घातली. आमच्या कामात शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात, माया म्हणतो आम्ही त्याला, पोरांच्या कपड्यात ती सोडावीच लागते, पोरं वाढतात. पण माझ्यासारखीला माया सोडून काय मिळणार? जी काही वाढायची ती वाढून झाले की मी. आता एक तरी वस्तू माझ्या मापाची घेऊ द्या मला.

आता विचाराल, हे खूळ आलं कुठून. आमच्या घराच्या मागे खडीची खाण आहे, बंद पडलेली, वर्षानुवर्षं तिथे कोणी येत नव्हतं. आता दर रविवारी पोरं येतात, या असल्याच गाड्या घेऊन, धूळ उडवतात, पडतात, उठतात. माझं मशीन खिडकीत आहे. आधी मी खिडकी लावून घ्यायचे, धूळ येते म्हणून — मग लावेनाशी झाले. कापडावरचे टाके वाकडे जायला लागले, एका पोराच्या शर्टाला तर मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या, एवढ्या वर्षांत कधी झालं नव्हतं. त्या पोरांत एक मुलगी आहे, आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची. ती सगळ्यांत बारीक आणि तीच सगळ्यांत पुढे. तिच्या जॅकेटचं कोपर फाटलं म्हणून माझ्याकडे घेऊन आली, मी आतून जाड कापड लावून असं शिवून दिलं की आता पडायलाही मजा यावी. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, मग काय देऊ काकू? मी म्हटलं, एक चक्कर.

दिली की. पहिल्या गिअरमध्ये, ती शेजारून पळतेय, मी ओरडतेय, ती ओरडतेय. मग वळणावर आडवी झाले, सरळ मातीत, तोंडात माती गेली. आणि काय सांगू तुम्हाला, मी हसत होते. पोटात दुखेपर्यंत हसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, जिन्यावर घसरले. ही विजार बघताय ना, गुडघ्याला दुहेरी कापड आहे ती — ही मी ह्यांच्या डोळ्यांदेखत शिवली, गिऱ्हाइकाची आहे म्हणून. तर त्या मुलीने मला सगळं सांगून ठेवलंय. पहिली गाडी छोट्या इंजिनची घ्यायची. दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. जुनी घ्यायची, आधीच ओरखडे पडलेली, म्हणजे पहिल्या ओरखड्याला रडू येत नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पडलेली गाडी आपली आपल्याला उचलता आली पाहिजे. नाही आली, तर ती आपली गाडी नाहीच.

ती दाखवा. ती नव्हे, टायरच्या ढिगामागची, पिवळी. असू दे धूळ, मी काय आरशासारखी वापरणारे का? ओढा बाहेर. बघा, टेप लावायचीसुद्धा गरज नाही, नुसतं बघून सांगते — तरी लावते. बघितलंत? बसते आता. दोन्ही टाचा खाली. अहो, टाचा. दिवा नाहीये, नंबरप्लेट नाहीये, रस्त्यावर चालणार नाही, ते ठाऊक आहे मला. बाजारात जायला मला दोन पाय आहेत. गाडी घराच्या मागच्या दारातून ढकलत खाणीत नेणार, तिथे चालवणार, ढकलत परत आणणार, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पैसे माझ्या शिलाईचे आहेत, म्हणून जरा हात आखडूनच घेतेय, हेही सांगून टाकते. एअर फिल्टरचं झाकण उघडा बघू, आतली गाळणी कशी आहे ते बघू दे. चाक हलवून बघते — लटपटत नाही, बरंय. इंजिन गार आहे, म्हणजे माझ्यासमोर पटकन सुरू व्हावं म्हणून आधीच तापवून ठेवलेलं नाही. काय? हो, मागे सीट नाही ते मी बघितलं. पाय ठेवायलाही काही नाही, तेही बघितलं.

तेच तर मला आवडलं. तुम्हाला सांगू का, लग्न झाल्यापासून मी मागे बसतेय. एका अंगाने, एक हात ह्यांच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात पिशवी. या गावातले खड्डे मला डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत, पाठीने येतील. हे गिअर कधी टाकणार ते मला ह्यांच्या खांद्यावरून आधी कळायचं, गाडीला मागून कळायचं. उभ्या जन्मात पुढचा रस्ता म्हणून मी काय बघितलं असेल, तर ह्यांच्या शर्टाची कॉलर. ती मीच शिवलेली. बरं, तक्रार नाही. माणूस वाईट नाही हो. एक सांगते तुम्हाला, आमच्याकडे चार पाहुणे जमले की हे स्वतःच सांगतात, सगळे हसतात — आम्ही एका नातलगाकडून परत येत होतो, रस्त्यावर बारीक खडी, गाडी घसरली. मी लांब फेकले गेले. हे उठले, आणि आधी गाडी उचलली. स्टँडवर लावली, दिवा चालू आहे का बघितला, आरसा नीट केला. आणि मग मला म्हणाले, तू ठीक आहेस ना? हे सांगताना असे हात करून दाखवतात, आणि लोक लोटपोट. मीही हसते. हा हात बघा, मनगट. हे तेव्हापासून असं आहे, वाकडंच जुळलं. कात्री धरताना अजून कळ येते.

ते जाऊ दे. कशाला सांगितलं मी तुम्हाला हे, कोण तुम्ही माझे? हां, भाचा. तर डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांचा भाचा येऊन ह्यांची मोटरसायकल घेऊन गेला. विकलीही नाही, देऊन टाकली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत अंगण रिकामं. मी म्हटलं, मला विचारलं का नाही? तर हे म्हणाले, 'तू काय करणार तिचं?' रागाने नाही हो म्हणाले. अगदी सहज म्हणाले, पाण्याचा पेला मागावा तसं. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि विसरले असते. हे काही विसरता येईना. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्या दुकानात जाईन, तिथे नाही तर तिसऱ्या. पण मागे सीट असलेली गाडी मी घेणार नाही. एकदा का मागे जागा असली की तिथे कोणीतरी येऊन बसणार, आणि मग 'अगं सावकाश, अगं ब्रेक, अगं तुला नाही जमणार, थांब, मी उतरतो.'

पण एक गोष्ट राहिली. ही आडवी पाडा. हो, इथेच, फरशीवर. खाली ते पोतं टाका हवं तर. पेट्रोलचा कॉक आधी बंद करा. ओरखडे तर आहेतच तिच्यावर, एक वाढला तर माझ्या खात्यात धरा. पाडा हो. पाडली? आता तुम्ही मागे सरा. तिथे नाही, आणखी मागे, तो टायरचा ढीग आहे तिथे.

अं… नाही आली. नको — हात लावू नका. हात लावू नका म्हटलं ना मी. तुम्ही खाणीत येणार आहात का माझ्याबरोबर, दर वेळी? मनगटावर जोर टाकला मी, ती चूक झाली. त्या मुलीने सांगितलं होतं, हाताने नाही उचलायची, पायांनी उचलायची. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि मागे मागे चालत उभं राहायचं. उचलतेय मी काय ते मला दिसत नाही, पण मागे बसायची सवय आहे, पाठीने कळतं मला. थांबा, चप्पल काढते. हां. आता बोलू नका माझ्याशी.

आली. आली ना? उभी आहे ना? दाखवा बघू — मला मान वळवता येत नाहीये — उभी आहे. अगबाई. नाही, पाणी नको. काही नाही झालं, डोळ्यांत धूळ गेली. नाही, धूळ कसली, रडतेय मी, रडू द्या जरा. दुखत नाहीये हो मनगट, दुखतंय थोडं, पण ते निराळं. मी उचलली. कोणी पुढून नाही, कोणी मागून नाही, मी.

आले वाटतं हे. दारातच उभे राहिलेत, काळा चष्मा काढतायत. बघितलं त्यांनी, सगळं बघितलं असणार. तुम्ही काही बोलू नका, मला ऐकू दे काय म्हणतात ते.

ऐकलंत? 'तुला लागलं नाही ना?' म्हणाले. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, आधी मला विचारलं. तुम्ही साक्षीला आहात, आधी मला विचारलं.

अहो, ऐका, नाही लागलं मला. आणि ही घेतेय मी. ती निळी नाही, ही. मागची सीट? नाहीये. बसवून मिळणार नाही, या दुकानातल्या दादांना विचारू नका, मी सांगतेय ना. या गाडीवर जागा एकाचीच आहे. रविवारी खाणीत या तुम्ही, वरच्या दगडावर सावली असते, तिथून चांगलं दिसतं म्हणतात, एका डोळ्यानेसुद्धा.

दादा, पावती माझ्या नावाने करा. आणि ह्यांना एक खुर्ची द्या.