बिअर न पिणाऱ्याचे ट्रे

...नाही, पण माणसांनी जेवायचं कुठे, ते तरी सांगा ना! टेबलावर ट्रे, कपाटावर ट्रे, पलंगाखाली ट्रे, धुतलेल्या चादरी ठेवायला खण उघडावा तर तिथेही ट्रे! बरं, चांदीचे असते तर मी चकार शब्द काढला नसता... बेकलाइटचे हो! पूर्वी विजेची ती काळी-तपकिरी बटणं असायची ना, त्याच जातीचे. प्लॅस्टिकचे खापरपणजोबा! कुठल्याशा बिअरच्या कंपन्यांनी आजोबांच्या काळात गुत्त्यागुत्त्यांतून फुकट वाटलेले. कंपन्या बुडाल्या, गुत्ते मोडले, पिणारे तर केव्हाच वर गेले, उरले ते ट्रे, आणि ते सगळे आले आमच्या घरी. आणि तुम्हाला सांगते, हा माणूस आयुष्यात बिअरचा थेंब प्यायलेला नाही!

हा माणूस म्हणजे माझा नवरा, दुसरा कोण असणार? अहो, पीत असते तर म्हटलं असतं, चला, पितो बिचारा, म्हणून जमवतो. यांना साध्या सोड्याने ठसका लागतो! आणि ऐट बघा, 'या ट्रेवरून किती ग्लास फिरले असतील, कल्पना कर!' मी का करू? मला भाजी फोडणीला टाकायचीय!

आणि अस्सल की नक्कल हे ओळखायची रीत ऐका. अंगठा ट्रेवर घासायचा... घासायचा, घासायचा, चांगला गरम झाला की नाक टेकवायचं. 'आला! आला वास!' कसला? दवाखान्याच्या जिन्याचा! फिनेल, फिनेल! बरं, एकट्याने हुंगावं की नाही? छे! 'तू घे गं जरा, मला सर्दी आहे.' सर्दी बारमाही. म्हणजे पोळी तव्यावर आणि मी ट्रेवर! जुन्या बाजारातला तो भंगारवाला तर बेरकी नुसता. 'साहेब, तुमच्यासारखी पारख कुणाला आहे हो?' की आमचे साहेब फुगून टम्म, निघाले नवा ट्रे काखोटीला मारून.

बरं, घरात काय ते चालवून घेतलं. पण आमच्या लेकीचं लग्न ठरायच्या बेताला आलेलं. मुलगा तिनेच पसंत केलेला, सोन्यासारखा, तिचा जीव जडलेला. अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या होकारावर. गृहस्थ कसे, तर नाकावर माशी बसू देणार नाहीत. त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. लेकीने निघताना हात जोडले, "बाबा, तिथे ट्रेचं नावसुद्धा काढायचं नाही." हे म्हणाले, "मी काय वेडा आहे?"

तर बसलो, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि चहा आला... कशावरून आला असेल? तपकिरी ट्रे! वर बिअरच्या कंपनीचा उधळलेला घोडा! मी टेबलाखालून यांचं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात व्याही म्हणतात कसे, "हा आमच्या आजोबांचा. अस्सल बेकलाइट. आमच्या घराण्यात खोटं काही चालत नाही." यांचा अंगठा वळवळायला लागला. मी चिमटा काढला, असा काढला की यांच्या डोळ्यांत पाणी. पण नाही बोलले हो! गिळलं सगळं. हुश्श म्हणून मी कप उचलला, दुसऱ्या हाताने ट्रे जरासा सरकवला... आणि माझाच अंगठा कधी घासला गेला आणि कधी नाकाशी आला, देवाशपथ मला कळलं नाही! आणि मी बोलते काय? "छे! हा कसला बेकलाइट? वासाचा पत्ता नाही, आणि कडेला साच्याची रेघ बघा केवढी! मागाहूनचं प्लॅस्टिक आहे हे!"

लेकीचा चेहरा पांढराफटक. व्याही लालबुंद. संपलं, म्हटलं, स्वतःच्या पोरीच्या संसारावर आपल्याच हाताने बोळा फिरवला मी... आणि विहीणबाई फसकन हसल्या! "अहो, खरा मी लग्नाच्याच वर्षी फोडला. तुम्ही फिरतीवर होतात. तसाच दुसरा आणून ठेवला बाजारातून. तेव्हापासून जीव मुठीत धरून पुसतेय हा!"

व्याही आधी ट्रेकडे बघतात, मग बायकोकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "आमच्या घरात तोंडावर खरं बोलणारं एकही माणूस नाही म्हणायचं. लेक तुमच्यावर गेली असेल तर लवकर पाठवा." झालं! ठरलं लग्न! लेक रडायला लागली, मी रडायला लागले, आणि हे? हे अजून त्या रेघेकडे बघतायत.

येताना गाडीत हे हळूच म्हणाले, "उद्या एक ट्रे बघायला जायचंय. येशील? तुझं नाक माझ्यापेक्षा चांगलंय." ऐकलंत? इतक्या वर्षांच्या संसारात डोळ्यांचं कौतुक नाही, हातच्या चवीचं नाही, कौतुक कसलं केलं, तर नाकाचं! बिअरचा थेंब न प्यायलेल्या माणसाने! अशी तळपायाची आग मस्तकात गेली ना, म्हटलं आता चांगलं सुनावायचं, एक घाव दोन तुकडे करून टाकायचे... तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं?

"किती वाजता निघायचं?"