साडेतीनशे ग्रॅम गर

...न्हाई, आता तुमीच सांगा, साडेतीनशे ग्रॅम गर म्हणजे किती सीताफळं? बाजारात फळ मिळतंय ढिगानं, घरात मोजायला हाय वाटी, अन् मोबाइलवरची ती बाई गोड हसून म्हणते, "साडेतीनशे ग्रॅम गर घ्या." घ्या काय घ्या! अगं, वाट्यात सांग की माय! अन् वाटी म्हणजे कुठली वाटी, तेबी सांग!

तर तुमाला सांगतो, हे आमच्या शेजारचे धम्मानंद सर. परभणीतच शाळेवर गणित शिकवतात, पण स्वयंपाकात चहाच्या पुढं कधी गेलेले न्हाईत. बायको साक्षी टायफॉईडनं अशी वाळली की विचारू नका. ताप गेला, डॉक्टर म्हणाले आता सगळं खाऊ द्या, पण खायचं नावच न्हाई! पालमला आईकडं गेली, तिथंबी दोन घास अन् ताट बाजूला. अन् त्या दिवशी सकाळी फोनवर बारीक आवाजात म्हणते, "अहो, सीताफळाची बासुंदी खावी वाटायलीय... संध्याकाळच्या एसटीनं येते." झालं! सर उलटी चप्पल घालून बाजारात!

दूध आटवलं, ते जमलं. घोडं अडलं गरापाशी. बहिणीला, राजेश्रीला फोन लावला. ती म्हणते, "ग्रॅम कशाला करायलास धम्मा, दीड वाटी घे की!" "वाटी म्हणजे कुठली वाटी?" "अरे, आपली नेहमीची!" आता मांडणीवर आमटीची वाटी, दह्याची वाटी, आहेरातली वाटी... अन् सगळ्या नेहमीच्याच!

मग सरांनी सीताफळं फोडली, गर पातेल्यात काढला अन् निघाले थेट माणिकरावाच्या किराणा दुकानात. माणिकरावानं पातेलं काट्यावर ठेवलं. "सर, पातेल्यासकट का पातेलं सोडून?" "सोडून!" "मग रिकामं पातेलं किती भरतंय?" ते कुणाला माहीत! गणिताचा माणूस, अन् वजा करायला आकडाच न्हाई! मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली, एक म्हातारी ओरडायलीय, "मला गूळ द्या की रं बाबांनो!"... शेवटी गर पिशवीत ओतला, काट्यावर बरोबर साडेतीनशे! सर असे फुलले, असे फुलले... तेवढ्यात माणिकराव पिशवीत डोकावून म्हणतो, "बियांसकट चालतंय व्हय?"

बिया! घरी येऊन चाळणीवर गर घासला, तर गर एवढासा अन् बियांचा हा ढीग! पुन्हा बाजार, पुन्हा सीताफळं, पुन्हा माणिकराव. "सर, शाळा सोडून बासुंदीचं दुकान टाकायलाव काय?" अखेर बिया काढलेला गर साडेतीनशे भरला एकदाचा. घरी आणून आहेरातल्या वाटीनं मोजून बघतात तर... दीड वाटी! बरोबर दीड! म्हणजे वाटी कुठली, तर ही वाटी! सांगायला काय जात होतं राजेश्रीच्या?

दिवे लागायला साक्षी आली, भिंतीला टेकून बसली. सरांनी बासुंदी पुढं केली अन् श्वास रोखून उभे. तिनं एक चमचा घेतला... थांबली. "साखर किती घातली हो?"

साखर! सगळा दिवस गरातच गेला, साखरेचा डबा उघडलाच न्हाई! "साक्षी, ते... साखर म्हणजे..."

"घातली न्हाई ना? बरं केलं. लय गोड नको वाटायलंय. द्या अजून."

अजून! ऐकलं का? ती 'अजून' म्हणाली! किती दिवसांनी म्हणाली! सर आत गेले अन् ओट्याला धरून नुसते डोळे पुसत उभे. सुटलो रे बाबा, म्हणाले... एवढ्यात बाहेरून आवाज, "अहो, आता पेरूची भाजी खावी वाटायलीय! आई उद्या पेरू पाठवायलीय!"

"किती?"

"टोपलंभर!"

आता टोपलं म्हणजे कुठलं टोपलं, विचारावं का न्हाई माणसानं? न्हाई विचारलं हो सरांनी! "येऊ देत," म्हणाले, अन् गुमान भांडी घासायला घेतली.