पिस्ता रंगाचा अर्धा स्वेटर

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "संध्ये, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावलासच कशाला?" आता तुमीच सांगा, दुसऱ्याची हाय हे कळलं असतं तर लावला असता का? मला तो माझाच वाटला हो... एवढं वाईट विणकाम माझ्याशिवाय दुसरं कोण करणार, असं वाटलं मला. तीच तर लाज हाय.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी भिसेगावची. मला विणायचं वेड. येत नाय, पण वेड हाय. आता आमच्या कर्जतला थंडी पडते ती किती दिवस? पंधरा. त्यातही दुपारी पंखा लावावा लागतो. पण मी बारा महिने विणते. साईराजला, म्हणजे माझ्या मुलाला, मफलर केला, तो वाढत वाढत एवढा झाला की शेवटी गोल शिवून पायपुसणं केलं. यांना हातमोजे केले, एक बोट विणायचंच राहिलं, ते आता चुलीवरचं पातेलं उतरवायला. कडावच्या गोदावयनीला जाकीट दिलं, पुढच्या वेळी गेले तर ते वासराच्या अंगावर. वयनी म्हणते कशी, "अगं, तुझ्या जाकिटात वासरू कसं उबेला आलं बघ." बरं, त्याला बसलंही चांगलं, मला कुठं तोंड होतं बोलायला? घरी येईपर्यंत मनाला समजावलं, जाऊ दे संध्ये, लोकर कधी वाया जात नाय.

तर माझी सून तेजश्री, खालापूरकडची. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, पण पोरीची आई दोन वर्षांपूर्वी गेली. म्हटलं, तेजू, इथंच राहा गं, आईची उणीव भासू देणार नाय तुला. मोठ्या तोंडानं म्हटलं हो.

नात झाली. आरोही. आणि आमच्यात बाळाच्या अंगाला पहिलं लागायचं ते जुनंच कापड, वापरून मऊ झालेलं, नवं त्यानंतर. मंग कुंची विणायची तर लोकर पण जुनीच नको का? दुकानातला नवा गुंडा कसा चालेल? म्हणून तेजू दवाखान्यात होती तेव्हा मी माझं फसलेलं काही सापडतंय का म्हणून घरातली सगळी कपाटं उपसली, आणि तिच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात, एका पिशवीत... पिस्ता रंगाचा अर्धा स्वेटर. बाही एकच. गळा असा की डोकं सोडा, मूठ जायची नाय. पाठीवर टाके गळून तीन भोकं. कधी केला ते आठवेना, पण हात ओळखीचा वाटला. बसले उसवायला. सर्रकन उसवला, तासाभरात. लोकर वाफेवर धरून सरळ केली, लडी धुतली, वाळवली, आणि पाचवीच्या पूजेला कुंची तयार. आणि तोंडात काय, तर लोकर कधी वाया जात नाय.

पाचवीला बायका जमल्या. शेजारच्या आनंदीबाई कुंचीला हात लावून म्हणाल्या, "ही तुमी केली? खरं नाय वाटत." मी फुगले. तेवढ्यात तेजूनं विचारलं, "आई, ही लोकर कुठली?" मी चारचौघींत, अगदी ठसक्यात, "अगं, तुझ्या कपाटात माझा एक भिकार स्वेटर पडला होता. कुणी अंगात घालायच्या लायकीचा नव्हता मेला. उसवला."

ती उठली. आत गेली. रिकामी पिशवी हातात घेऊन बाहेर आली. आवाज चढवला नाय हो तिनं. एवढंच म्हणाली, "तो मम्मीनं माझ्यासाठी विणायला घेतला होता. दवाखान्यात. तेवढाच झाला."

मी भिकार म्हटलं होतं. मेला म्हटलं होतं. आनंदीबाई ओटी न घेताच घरी गेल्या, आणि मी पूजेच्या पाटाकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

चार दिवस पोर माझ्याशी कामापुरतं बोलली. मी खीर करतेय, शेपूची भाजी करतेय, ती निमूट खातेय... ते तर फारच वाईट, तिनं ताट सरकवलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्यात हे हळूच विचारतात, "का गं, लोकर कधी वाया जात नाय ना?" मी म्हटलं, गप बसा हो.

शेवटी मीच गेले. म्हटलं, "तेजू, चुकले गं मी. मी तुला नवा करून देते, चांगला."

"चांगला नको, आई. होता तसाच पाहिजे. त्याच लोकरीचा." आणि मोबाइलमधला फोटो दाखवला. तो स्वेटर. तीन भोकं, एक बाही, सगळं.

मी मनात म्हटलं, एवढंच ना? वाईट विणायचं ना? त्यात मला कोण हरवणार? कुंची उसवली, सुया घेतल्या, बसले. आणि तुमाला सांगते... सरळ आलं. पाठ सरळ, गळा बरोबर, एक टाका गळेल तर शपथ. उसवलं, परत केलं, परत सरळ. अहो, लाजेनं नि भीतीनं टाका न टाका मोजत होते मी, चुकणार कशी? हे म्हणाले, "जमलं की गं तुला." मला रडूच आलं.

तेव्हा तेजू आरोहीला मांडीवर घेऊन शेजारी येऊन बसली. माझ्या हाताकडे बघत राहिली, मंग म्हणाली, "इथं एक टाका सोडा. इथं नर्स सुई टोचायला आली होती." सोडला. "आता इथं दोन. इथं मम्मीला झोप लागली होती." दोन सोडले. दोघींनी डोळे पुसले, पुढची ओळ घेतली.

आता रोज दुपारी हेच चालतं. सगळीकडे सुना सासूच्या चुका काढतात. माझी सून शेजारी बसून करून घेते, आणि मनासारखी चुकले नाय तर उसवायला लावते.