निळं बटण

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बोलत बसल्या होत्या. एकीचा नवरा आत डोळे तपासून घेत होता.

"दिसत नाही का त्यांना?"

"दिसतं हो सगळं. जुन्या मोडक्या गिटारी आणून दुरुस्त करायचा नाद आहे. या वेळची झकास झालीय, पण मधली तार छेडली की आतून झिणझिण येते. आठवडाभर टॉर्च आणि आरसा घेऊन शोधतायत. मीच म्हटलं, डोळे दाखवून घ्या."

"अगंबाई! मग दोष आहे तरी कशात?"

"कुणाला सांगू नका हं. आत बटण आहे, माझ्या निळ्या ड्रेसचं. मीच मेणाने अर्धवट चिकटवलंय."

"ते कशाला?"

"दुरुस्त झाली की विकतात. घेणारा रविवारी येतोय. बाकीच्या गेल्या, मी हूं की चूं केलं नाही. पण ही वाजवायला लागले ना, की माझी भाजी चिरायची राहते."

"मग सरळ सांगा की!"

"इतकी वर्षं 'काय ती टुणटुण' म्हणून नावं ठेवली. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

दार उघडलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळे ठणठणीत आहेत. चल."

"मग ती झिणझिण हो?"

"मेण सुटत आलं होतं. काल परत तसंच अर्धवट चिकटवलंय."

"…आणि रविवारचा माणूस?"

"त्याला कळवलंय, दोष काही सापडत नाही."