दोरी ओढली की बाई वळतात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापक, शिक्षक-शिक्षिका, पालकवर्ग, पहिल्या रांगेत बसवूनही मागे वळून गप्पा मारणारे विद्यार्थी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमची ही!

अध्यक्ष महोदय, मी जरा तिरका उभा आहे आणि तुमच्याकडे माझी पाठ होते आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. मला हिच्याकडे तोंड करूनच बोलावं लागणार आहे. का, ते ओघात येईल.

निरोपाच्या भाषणात नवऱ्याने काय बोलावं? बाईंच्या गुणांचं वर्णन आत्ताच तिघांनी केलं. ते ऐकताना मी दोनदा शेजाऱ्याला विचारलं, "नक्की हिच्याबद्दलच चाललंय ना?" शांत, संयमी, कधीही आवाज न चढवणाऱ्या! अहो, शेजारच्या वकीलसाहेबांची आणि आमची भिंत एकच आहे; त्यांना बोलावलं असतं, तर त्यांनी वेगळीच साक्ष दिली असती.

या शाळेत बहुभुज शिकवायला बाई दोरी वापरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती दोरी आली कुठून? आमच्या गॅलरीतून! कपडे वाळत घालायची दोरी होती ती. एका सकाळी मी ओला टॉवेल हातात घेऊन उभा, आणि समोर नुसते दोन खिळे. तेव्हापासून आमचे कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळतात. घरी आलेल्या पाहुण्याला आधी विचारावं लागतं, "कोरड्यावर बसता की ओल्यावर?"

दोरीचा प्रयोग वर्गात जायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात झाला. एक कोपरा फ्रिजचं हँडल, एक दाराची कडी, दोन खुर्च्या आणि पाचवा मी. म्हणाली, "तुम्ही शिरोबिंदू. हलायचं नाही." इकडे गॅसवर दूध चढत होतं. मी म्हटलं, "अगं, दूध!" ही म्हणते, "शिरोबिंदू बोलत नसतात." शेवटी दोरी हातात धरूनच मी गॅसकडे दोन पावलं आत गेलो, आणि ही टाळ्या वाजवत सुटली. "बघा, बघा, कोपरा आत आला, पंचकोन अंतर्वक्र झाला!" दूध सगळं ओट्यावर. तेही तिने मलाच पुसायला लावलं.

पण तो धडा पुढे वर्गात फार रंगायचा म्हणे. सहा पोरं दोरी धरून उभी राहायची, षटकोन व्हायचा. मग एकाच्या हातून बाकीच्यांकडे रंगीत फिती जायच्या. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना मात्र फीत नाही. शेजारी रुसायचे. "बाई, आम्हाला का नाही?" बाई म्हणायच्या, "तुमच्यात आधीच दोरी आहे की! मैत्री आहे तिथे चिठ्ठी कशाला पाठवायची?" तीन फिती, चार त्रिकोण, आणि चार त्रिकोणांच्या कोनांची बेरीज सातशे वीस अंश. मग एखादं पोर मुद्दाम आत सरकायचं. सगळे ओरडायचे, "बाई, आकृती मोडली!" त्यावर बाई म्हणायच्या, "मोडली कुठे? बाजू मोजा. कोन मोजा. एक जण जरा आत गेला म्हणून बहुभुज मोडत नाही." आतल्या बाजूचा तो मोठा कोन धरून पुन्हा बेरीज केली, तरी सातशे वीसच यायची.

आता जरा घरातलं सांगतो. सांगायला हिची परवानगी आहे. सकाळी विचारलं, तर म्हणाली, "सांगून टाका. आता निघालेच आहे, आणि मला कुठे ऐकू येणार आहे!"

मंडळी, हिला कमी ऐकू येतं. बरंच कमी. समोरच्याचे ओठ दिसले तरच कळतं, म्हणून मी हा असा तिरका उभा. आणि हे मला फार उशिरा कळलं. हसू नका! बायको आपलं ऐकत नाही याचं कुठल्या नवऱ्याला नवल वाटतं? मी तर तिचा स्वभाव समजून चाललो होतो. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय. ते कपाटात सुखाने नांदतंय, कारण वर्गात बाकं सरकली की त्यात म्हणे डोंगर कोसळतो.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापक आमच्या घरी आले. म्हणाले, "बाई, निवृत्त व्हा, पण आठवड्यातून एक तास बहुभुजासाठी येत जा. दोरीवर दुसरं कुणी शिकवू शकत नाही." मी आत चहा गाळत होतो. मला वाटलं, ही उडी मारून हो म्हणेल. आणि ही काय म्हणाली? "नको हो. यांना घरी एकट्याने करमत नाही."

आता यांना म्हणजे मला! मला छान करमतं. रेडिओ आहे, वकीलसाहेब आहेत, खुर्च्यांवरचे कपडे आहेत. मुख्याध्यापक गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?" कप खाली ठेवून म्हणाली, "पोरं प्रश्न विचारतात आणि मला कळत नाही. आजवर निभावलं. एखाद्या दिवशी हसतील मला. त्याआधी निघालेलं बरं."

मी आपला रिकामे कप उचलून आत गेलो.

दोन दिवसांनी ही चष्मा घरी विसरली. तो द्यायला मी शाळेत आलो आणि वर्गाच्या दाराशी थांबलो. दोरी धरून पोरं उभी होती, आणि दोरीवर हिचाही हात होता. हिच्या पाठीमागच्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा कोन आतून मोजायचा की बाहेरून?" ही वळलीच नाही. मी म्हटलं, झालं! आता हसणार. कुणी हसलं नाही. त्या मुलीने फक्त दोरीला दोन हिसके दिले. हिच्या हाताला ते कळले, ही लगेच वळली, "हं, बोल." आणि मुलीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, हिच्याकडे तोंड करून.

तास सुटल्यावर मी त्या मुलीला बाजूला घेतलं. विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "काका, ते सगळ्यांनाच माहीत असतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगतात. बाईंना हाक मारायची नाही, दोरी ओढायची. आणि बाईंना कळू द्यायचं नाही, त्यांना वाईट वाटेल."

हे मात्र मी हिला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगतोय. बघ माझ्याकडे, नीट बघ. पोरांना सगळं माहीत आहे, किती वर्षं झाली कुणास ठाऊक. तू त्यांच्यापासून लपवत होतीस आणि ती तुझ्यापासून. एक जण जरा आत गेला म्हणून बहुभुज मोडत नाही, हे तूच शिकवलंस ना त्यांना? मग घे की आता ऐकून.

अगं, डोळे काय पुसतेस? उत्तर दे. मघाशी मुलांनी तुला भेट म्हणून ती दोरी धुऊन, गुंडाळून दिली आहे. मला वाटलं होतं, चला, टॉवेलची सोय झाली. पण नको. पोरांनो, धरा बरं एक टोक, पहिल्या रांगेतून जाऊ द्या. दुसरं टोक बाईंच्या हातात. मुख्याध्यापक, तुमचा तो तास अजून शिल्लक आहे ना? आहे म्हणतात. आता बोलायचं काही काम नाही. यायचं असेल तर ओढ.

...

ओढली! अगं, जरा हळू, ते पोरगं खुर्चीवरून पडलं असतं!

अध्यक्ष महोदय, गॅलरीसाठी मी उद्याच नवी दोरी आणतो. आपण सर्वांनी इतका वेळ माझी पाठ आणि माझं बोलणं दोन्ही सहन केलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मला काही सुनावायचं असेल तर खुशाल हाक मारा, माझे कान शाबूत आहेत. तिला काही विचारायचं असेल, तर कसं विचारायचं ते पहिल्या रांगेला विचारा.