दारातलं डोकं

—आईशप्पथ सांगतो ताई, यातला एक शब्द खोटा नाही. म्हणजे, आईची शपथ घेऊन मी आजवर बरंच काही खपवलंय, ते सोडा — एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच, कारागीर माणूस मी. पण यजमानांचे ते फोटो आधी पिशवीत ठेवा. हसरे फोटो मी घेत नाही. का म्हणजे? बसा — त्या खुर्चीत नको, तिचा पाय लंगडा आहे — इकडे बसा. दारात ठेच लागली ना? लागतेच सगळ्यांना.

आमचे वडील गेले तेव्हा आईला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. म्हणाली, "जगाची मुंडकी बनवतोस, ह्यांचं एक बनव. हात तरी फिरवीन." म्हटलं, त्यात काय, डाव्या हातचा मळ! छिन्नी नको, चिखल नको — कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेन फिरवायचं, चुकलं की मागे यायचं. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते बघा — डाव्या गालावर पेन फिरवलं की उजव्या गालावर आपोआप तस्संच उमटतं. अर्धी मेहनत वाचते. मी ती सोय चालू ठेवूनच, फोटो बघून, अख्खा चेहरा उरकला. थ्रीडी प्रिंटरमधून डोकं निघालं ते दोन्हीकडून सारखं, गुळगुळीत — कापडदुकानातला पुतळा जणू! आईनं बोटं फिरवली. म्हणाली, "हे कोण पाहुणे?"

हसू नका. मग ती सोय बंद केली. एक भुवई चढवली, नाक वाकवलं — एवढं वाकवलं की वडील जन्मभर कुस्त्या हरले असावेत! "पाहुणेच." कान वाढवले, हनुवटी बसवली, पुन्हा काढली. "पाहुणे." चिडलो. आणि मग डोक्यात उजेड पडला — फोटो! सगळ्या फोटोंत हसतायत. ऑफिसच्या सहलीत हसतायत, मित्राच्या गळ्यात हात टाकून हसतायत, शेजाऱ्यांच्या पोराला खांद्यावर घेऊन तर खदखदून. आणि घरात? घरात शिरताना चपलांबरोबर हसूही बाहेर काढून ठेवायचे. मी पहिला नंबर आणला, तर "हं." पहिला पुतळा केला, तर "पुढे काय खाणार, माती?" मग म्हटलं, थांबा. हसू खरवडून काढलं. ओठांची टोकं खाली ओढली, कपाळावर आठ्या घातल्या. फोटो लागला नाही हो — हाताला पाठ होतं सगळं. आईनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "हेच ते," म्हणाली. "ने बाबा बाहेर." तेव्हापासून ते दारात. दार उघडं राहायला बरं पडतं. तुम्हाला ठेच लागली ती त्यालाच.

म्हणून विचारतो, तुमचे हे घरात हसायचे का? नुसती मान नका हलवू. तुमच्याशी हसायचे, कळलं. आणि तुमच्या मुलाशी? — का हो, पिशवी घेऊन उठलात?

जाऊ द्या. ते पाहुण्यांचं मी रचलं. आईनं पहिलंच डोकं ओळखलं होतं. तेच, दोन्हीकडून सारखं, हसरं. "अस्सेच हसायचे रे," म्हणाली, "नाक सरळ केलंस ते बरं केलंस" — आणि पोटाशी धरून बसली. अजून तिच्या उशाशी आहे. चटकाबिटका काही नाही, दारातलं हे तिला माहीतही नाही. पुढची सगळी डोकी मी माझ्यासाठी केली. ओळख पटत नव्हती ती मला.

ठेवून जा फोटो. हसरेच ठेवा. आणि जाताना ते डोकं जरा पायानं सरकवा — दार लागू दे.