उडीला लागणारा वेळ

ताई: म्हणजे चालू होतोय ना खेळ? मग रडतोस कशाला?

घुम्या: रडत नाही, ताई. तक्रार नोंदवतो आहे. खेळ चालू होतो, चित्र दिसतं, आवाजही येतो. पण जो चालू होतो तो आपला खेळ नव्हे.

ताई: घुम्या, निबंध नको. एका हातात फोन आहे, दुसऱ्या हाताने आईच्या उशा उन्हात टाकतेय. नेमकं काय होतंय ते सांग.

घुम्या: सगळं फार वेगाने होतं. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो माणूस पलीकडच्या भिंतीवर आपटून खाली. सकाळपासून मी पहिल्याच गच्चीवर मरतो आहे.

ताई: सकाळपासून? जेवलास का?

घुम्या: तिकीट काढलंस का?

ताई: मी जेवणाचं विचारलं.

घुम्या: आणि मी तिकिटाचं. महिनाअखेरीला माझ्याकडे येते म्हणाली होतीस.

ताई: आधी तुझा खेळ बघू. खेळ जुना, विंडोजचा. तुझ्या हातातलं ते खेळायचं यंत्र लिनक्सवर चालणारं. मधला दुभाष्या कुठला लावलायस?

घुम्या: दुभाष्या?

ताई: प्रोटॉन रे. खेळ विंडोजच्या भाषेत काहीबाही मागत असतो, हा ते लिनक्सला समजावून सांगतो.

घुम्या: आधी सगळ्यात नवा लावला होता. त्यात सुरुवातीच्या चित्रफितीच्या जागी नुसते रंगीत पट्टे दिसत होते. मग एक जुना लावून पाहिला, तेव्हा चित्रफीत आली. कीबोर्डच्या कळाही यंत्राच्या बटणांवर बसवल्या. उडी अंगठ्याखाली, कठडा पकडणं मागच्या बटणावर.

ताई: वा रे पठ्ठ्या! एवढं एकट्याने केलंस, ऑफिसात कुणाला सांगितलंस का? तिथे खेळवेडे ढिगाने असतील.

घुम्या: नाही.

ताई: तो शेजारच्या टेबलावरचा? शिट्टी वाजवणारा?

घुम्या: त्याचं नि माझं बोलणं ‘लिफ्ट वर जातेय का’ इथवर आलं आहे.

ताई: इतक्या महिन्यांत? अरे, एव्हाना लिफ्टसुद्धा तुझ्याशी बोलायला लागली असती!

घुम्या: ती बोलते. मजले सांगते.

ताई: धन्य आहेस. बरं, उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाब, आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं सरकतात, तो आकडा दाखव म्हणून सांग त्याला. काय दिसतंय?

घुम्या: साठ. जागचा हलत नाही.

ताई: मग बिघाड कुठाय? तो खेळ सेकंदाला साठ फ्रेमसाठीच बनवलाय.

घुम्या: शक्य नाही. मी शाळेत असताना वर्षानुवर्षं तो खेळलो आहे. उडी मारली की तो माणूस हवेत तरंगायचा. त्याचा कोट फुलायचा, खालच्या रस्त्यावरचे दिवे एकेक करून मागे सरायचे. तू शेजारी बसून एक अख्खं वाक्य बोलायचीस, आणि ते संपता संपता त्याचे हात कठड्याला लागायचे. मी कधी चुकत नसे.

ताई: अरे देवा.

घुम्या: काय झालं?

ताई: आपला कॉम्प्युटर आठव. बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला. चालू करून ठेवायचो आणि आंघोळ उरकून यायचो.

घुम्या: त्याचा इथे काय संबंध?

ताई: हा खेळ घड्याळ बघून चालत नाही, फ्रेम मोजून चालतो. आपल्या डबड्याला सेकंदाला वीसच्या वर झेपायच्याच नाहीत. म्हणून तो तरंगायचा, बाबा. बाकी जगात सगळ्यांकडे तो धाडकन पलीकडे पोचत होता.

घुम्या: म्हणजे मी खेळत होतो तो खेळ मुळात नव्हताच.

ताई: होता की. फक्त आपल्या घरात होता.

घुम्या: मला तोच हवा आहे, ताई. करता येईल?

ताई: न यायला काय झालं? तिथेच खाली फ्रेमची मर्यादा आहे. विसावर आण. चांगलं चाललेलं यंत्र मुद्दाम बिघडवणारा तू पहिलाच.

(फोन गुडघ्यापाशी ठेवून त्याने यंत्र दोन्ही हातांत धरले. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. तो जमिनीवर, भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या नव्या गादीला टेकून बसला होता. गादीचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते.)

घुम्या: ताई! तरंगतो आहे!

ताई: हात लागले?

घुम्या: लागले. पुढची गच्ची आली. तू बोल ना काहीतरी. मी उडी मारतो.

ताई: मी या महिन्यात येत नाहीये. पोचला का तो?

घुम्या: पोचला. रजा मिळाली नाही का?

ताई: मिळाली होती. तुझ्याशी खोटं नाही बोलणार. आईजवळ राहायला मावशीही तयार होती. तिकीट मीच काढलं नाही.

घुम्या: का?

ताई: मागच्या खेपेला मी तुझ्याकडे राहून गेले. त्यानंतर काय केलंस?

घुम्या: काही नाही.

ताई: तेच ते. काही नाही. खानावळीत चार माणसांत जाऊन बसायचास, तेही सोडलंस. मी आले की तू श्वास घेतोस, आणि मी गेले की पुढच्या खेपेपर्यंत तो धरून बसतोस. असं जगतं का रे कुणी?

घुम्या: तुझ्यासाठी गादी आणली होती.

ताई: माहितेय. फोटो पाठवला होतास. रंग भयंकर आहे.

घुम्या: निळा तुला आवडतो म्हणून घेतली.

ताई: आवडतो रे राजा. म्हणून तर हे सांगायला जीभ उचलत नव्हती. आणि मला इथे करमतंय असं समजू नकोस. तू गेल्यापासून आई टीव्हीशी भांडते आणि मी आईशी.

घुम्या: मग कधी येशील?

ताई: तुझ्या तोंडून तिथल्या एखाद्या माणसाची एखादी गोष्ट ऐकू दे. काहीही. कुणी तुझा डबा पळवला, कुणाचं लग्न मोडलं. त्या दिवशी तिकीट काढते.

घुम्या: आणि तशी गोष्टच घडली नाही तर?

ताई: दार लावून बसलास तर कशी घडेल?

घुम्या: …मर्यादा काढून टाकतो. परत साठ.

ताई: अरे, राहू दे की आता. एवढा जमला तुझ्या मनासारखा.

घुम्या: नको. कधीतरी शिकायलाच हवं. …पडलो.

ताई: उशीर केलास बटण दाबायला.

घुम्या: पडलो.

ताई: हां, आता असं कर, कठडा दिसायची वाट बघू नकोस, उडी मारलीस की लगेच…

घुम्या: ताई, तू फोन ठेव.

ताई: रागावलास?

घुम्या: नाही गं. तू बोलत असलीस की मला वाटतं, अजून वेळ आहे.